फोर्कलिफ्टवरची गोधडी

माझ्या वडिलांनी माझ्याशी जन्मभरात जेवढं बोलणं केलं, त्याहून जास्त त्यांनी मास्तरांशी एका हिवाळ्यात केलं. हे मी कौतुकानं सांगतोय असं कुणाला वाटू नये. मास्तरांना जाऊन आता वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, आणि मास्तरांबद्दल वाईट बोलण्यासारखं काही नव्हतंच. तीच तर माझी अडचण होती.

मास्तर शाळेतले नव्हते. चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग करणारी आमची कंपनी आहे. तिथं डिस्पॅचला ते फोर्कलिफ्ट चालवायचे आणि मी त्याच डिस्पॅचचा सुपरवायझर. तयार मालाचे पॅलेट उचलायचे, ट्रकमध्ये चढवायचे, ट्रक गेला की पुढच्या ट्रकची वाट बघायची, हे त्यांचं काम. या वाट बघण्यात बाकीचे मोबाईल काढतात. मास्तर कापडी पिशवी काढायचे. ती सीटच्या मागं हुकाला अडकवलेली असायची. तिच्यातून ठिगळं निघायची, दोऱ्याचं रीळ निघायचं, काडी मोडलेला चष्मा नाकावर चढायचा, आणि हा धिप्पाड, मिशाळ माणूस फोर्कलिफ्टवर मांडी ठोकून टाके घालायला लागायचा. टेलरमास्तरातला मास्तर तेवढा उचलून लोकांनी त्यांना चिकटवला होता. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं.

मी नवीन होतो तेव्हा पहिल्यांदा बघितलं आणि विचारलं, "हे काय?"

"गोधडी."

"कुणासाठी?"

"अजून कुणाची न्हाई. झाली की बघू."

"कामाच्या वेळेत?"

त्यांनी चष्म्यावरून गेटाकडं बघितलं. "ट्रक आलाय का?"

"नाही."

"मंग? बसलोय तवर दोन टाके." आणि मान खाली.

पुढं हेच वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ट्रकला उशीर झाला की डिस्पॅचमधला कुणीही, मास्तरांच्या आवाजात, "बसलोय तवर दोन टाके" म्हणून चहाला जायचा. मास्तरांच्या आवाजाची नक्कल सगळ्यांना यायची. माझी नक्कल कधी कुणी केली नाही.

मला आधी वाटलं, परिस्थितीमुळं शिवत असतील. मग कळलं की मास्तर कुरुळीचे मूळ गावकरी. कारखाने आले तेव्हा त्यांच्या घरची बरीच जमीन गेली. आलेल्या पैशातून त्यांनी दोन मजली इमारत बांधली, तिच्या खोल्यांत कंपन्यांमधली पोरं भाड्यानं राहायची. दारात पांढरी मोठी गाडी. बोटात अंगठी अशी की हात वर केला की आधी अंगठी दिसावी. आणि गोठ्यात शर्यतीची बैलजोडी, जिच्यावर त्यांच्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा बायकोपेक्षा जास्त जीव. असा माणूस नोकरी करायचाच कशाला, हा पहिला प्रश्न. आणि गोधडी शिवायचा कशाला, हा दुसरा. दोन्हींना ते एकच उत्तर द्यायचे. "घरी बसून काय करू?"

एकदा त्यांनी मला आग्रहानं बैलगाड्याच्या शर्यतीला नेलं. राजगुरुनगरच्या बाजूला कुठल्याशा गावची जत्रा होती. बैल पळवायच्या चढावर, म्हणजे घाटावर, ही गर्दी, लाउडस्पीकर कानाशी किंचाळतोय, भंडारा उधळलाय, धूळ उडतेय. आपल्या बैलांची बारी येईपर्यंत लोक जिवाच्या आकांतानं इकडून तिकडं पळत होते. आणि मास्तर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, डोळ्यांवरचा काळा गॉगल कपाळावर चढवून, टेम्पोच्या सावलीत ठिगळं जोडत बसले होते.

कुणीतरी ओरडलं, "पाटील, आता बांगड्या तेवढ्या भरा!"

मास्तरांनी मान वर न करता सांगितलं, "आण की. पर हिरव्या आण. चॉकलेटी मला शोभत न्हाईत."

सगळा घाट हसला. ओरडणारासुद्धा हसला. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि मला वाटलं, हे मला कुणी म्हटलं असतं तर मी आठवडाभर जेवलो नसतो. माझ्या शर्टाचं बटण तुटलं तर मी ते बायकोकडं देतो, स्वतः लावत नाही, कारण शेजारचा खिडकीतून बघेल. ही त्या माणसाबद्दलची माझी पहिली जळजळ. पुढच्या जळजळींच्या मानानं ती फारच सौम्य होती.

दुसरी कंपनीतली. आमच्याकडं परदेशी ग्राहकाचे पाहुणे यायचे होते. त्यांच्यासाठी मी डिस्पॅचचं प्रेझेंटेशन केलं होतं, तक्ते, रंगीत बाण, सगळं. घरी वैशालीसमोर, म्हणजे माझ्या बायकोसमोर, उभा राहून इंग्रजी पाठ केलं होतं. पाहुणे आले, माझी तिसरी स्लाइड चालू असताना त्यातल्या एका वयस्कर बाईंचं लक्ष काचेतून बाहेर गेलं. ट्रक आला नव्हता आणि मास्तर आपल्या कामाला लागले होते. बाई उठल्या. त्यांच्यामागं सगळे उठले. आमचे प्लँटचे मोठे साहेब घाबरून पुढं धावले, मी मागून. मला वाटलं, आज मास्तरांची काही खैर नाही. बाईंनी ठिगळं हातात घेतली, उलटसुलट केली, फोर्कलिफ्टच्या पायरीवर बसल्या आणि स्वतःच्या आजीबद्दल काहीतरी सांगायला लागल्या. मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं. ते "व्हय, व्हय" म्हणत होते आणि बाईंना ते कळत होतं. माझे रंगीत बाण आत भिंतीवर तसेच लागलेले राहिले. संध्याकाळी मोठे साहेब मला म्हणाले, "तुमच्या मास्तरांनी आज कंपनीची लाज राखली." मी म्हणालो, "हो सर."

त्याच साहेबांनी महिन्याभरात मला दोनदा माझं नाव विचारलं होतं.

सुरक्षा अधिकाऱ्यानं मात्र एकदा अडवलं. कामाच्या जागी सुटी सुई चालणार नाही, हरवली तर मालात जाईल. बोलणं बरोबर होतं. मास्तरांनीही मान्य केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुईला जाड दोरा ओवून त्याचं दुसरं टोक स्वतःच्या शर्टाच्या काजात बांधून आणलं. "आता मी हरवलो तरच सुई हरवंल," म्हणाले. अधिकाऱ्यानं थोडा वेळ विचार केला आणि निघून गेला. पुढं त्याच्या पोरीच्या लग्नाला मास्तरांची गोधडी गेली.

गोधड्या कुणाला द्यायच्या हे मास्तर कसं ठरवायचे, ते मला कधीच कळलं नाही. नांदेडहून एक पोरगा नुसत्या बॅगेवर कामाला आला, त्यांच्या खोलीत राहिला, त्याला दिली. ते समजण्यासारखं आहे. पण कँटीनच्या कंत्राटदाराला दिली, जो आम्हाला पाण्यासारखी डाळ वाढायचा. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं. त्यांच्या सुट्ट्या मंजूर केल्या, शर्यतीच्या दिवशी त्यांच्या जागी माणूस शोधला. मला नाही दिली. मी मागितली नाही, हे खरं. पण कंत्राटदारानं तरी कुठं मागितली होती?

इथवरचं सगळं हसण्यावारी नेता येण्यासारखं होतं. मग अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. परभणीकडं आमचं गाव. आई गेली आणि घरात अण्णा एकटे उरले. दिवाळीनंतर मी त्यांना मोशीला आमच्या फ्लॅटवर आणलं. चौथा मजला, लिफ्ट आहे, गॅलरीतून हायवे दिसतो. अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून हायवे बघत बसायचे. येताना त्यांनी एक पत्र्याची पेटी आणली होती, तिच्यात आईची लुगडी. पेटी त्यांच्या पलंगाखाली असायची आणि वैशालीनं झाडताना ती सरकवलेलीही त्यांना चालायची नाही.

बोलणं म्हणाल तर "हो", "नको" आणि "बरं". अण्णा पहिल्यापासून असेच. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असे असतात, बोलायचं काम आईचं. आईमार्फतच आमचा सगळा व्यवहार चालायचा. ती गेल्यावर आमच्यामधली तार तुटल्यासारखं झालं. मी संध्याकाळी येऊन शेजारी बसायचो. "जेवलात का?" "हो." "बरं वाटतंय ना?" "बरं." मग आम्ही दोघं हायवे बघायचो.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आईच्या लुगड्यांची गोधडी करून घ्यावी. अण्णांना पांघरायला होईल. आणि खरं सांगायचं तर ती मी करून दिली असं अण्णांना वाटेल. म्हणून एका रविवारी मीच, माझ्या पायांनी कुरुळीला जाऊन, मास्तरांना घरी घेऊन आलो.

मी अण्णांना सगळं नीट समजावून सांगितलं. हे मास्तर, असं असं करतात, आईची आठवण राहील.

"नको," अण्णा म्हणाले.

"अण्णा, पेटीत नुसती पडून—"

"नको म्हणलं ना."

मला मास्तरांसमोर फार ओशाळवाणं झालं. मास्तरांना काहीच झालं नाही. त्यांनी वैशालीकडं चहा मागितला, खाली फरशीवर भिंतीला टेकून बसले, पिशवी उघडली आणि आपलं काम सुरू केलं. मी ओशाळून काहीबाही बोलत होतो. अण्णा आधी हायवेकडं बघत होते. मग त्यांची मान हळूहळू वळली. बराच वेळ ते मास्तरांच्या हाताकडं बघत राहिले.

"टाका लांब पडायलाय तुमचा," अण्णा म्हणाले.

मी बोलायचा थांबलो. मास्तर थांबले नाहीत. "व्हय? आमच्याकडं असाच घालत्यात."

"घालत असतील. पण धुण्यात उसवंल. इकडं द्या."

आणि माझे वडील, ज्यांना मी कधी सुई हातात धरलेलं पाहिलं नव्हतं, खुर्चीतून उतरून फरशीवर बसले. त्यांनी सुई घेतली, दोरा दातांनी तोडला, आणि सरसर असे बारीक, एकसारखे टाके घालत गेले की मास्तरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत लावला.

"अण्णा, ह्यो हात आजचा न्हाई," मास्तर म्हणाले. "कुठं शिकला?"

अण्णांनी सांगितलं. मला नाही, मास्तरांना. पोळ्याला बैलांच्या पाठीवर घालायची झूल ते लहानपणापासून शिवायचे, त्यात काही लाजण्यासारखं नव्हतं, गावात गडीमाणसं झूल शिवतातच. पण लग्नानंतर एकदा आई आजारी पडली, घरात गोधडी अर्धी पडलेली, ती त्यांनी पुरी केली. मग ती गोडीच लागली. दुपारी दार लोटून शिवायचे. लोक हसतील म्हणून आई सगळ्यांना सांगायची, मी शिवली. गावातल्या बाया आईकडं टाका शिकायला यायच्या आणि आई म्हणायची, आज डोळा दुखतोय, उद्या या. मग अण्णांना विचारून ठेवायची.

"अन् कुणाला कळलं न्हाई कदी?" मास्तरांनी विचारलं.

"कुणाला कळणार? ह्यालासुदिक नाही," अण्णा माझ्याकडं बोट करून म्हणाले. जणू मी तिथं नव्हतोच.

मी हॉस्टेलला गेलो तेव्हा घरून गोधडी नेली होती. रूमवरच्या पोरांना मी मोठ्या अभिमानानं सांगायचो, माझ्या आईच्या हातची आहे, कुणी पाय लावायचा नाही. मी तिथंच उभा राहून विचारलं, "अण्णा, म्हणजे माझी हॉस्टेलची गोधडी?"

"मंग? तुझ्या आईला कुठं इतकं बारीक जमत होतं."

"मला कधी सांगितलं नाही ते?"

"तू कवा इचारलं?"

आणि ते परत मास्तरांकडं वळले, कारण मास्तरांनी कोपरा कसा दुमडायचा ते विचारलं होतं. दोघंही खळखळून हसले. कशाला ते आता आठवत नाही. माझ्या बापाच्या हसण्याचा आवाज मी माझ्या घरात पहिल्यांदा ऐकत होतो, आणि मला आनंद व्हायला हवा होता. वैशालीला झाला. ती स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मी खाली जाऊन, काही आणायचं नसताना, दूध घेऊन आलो.

त्यानंतर दर रविवारी मास्तर यायला लागले. कधी शिफ्ट सुटल्यावर माझ्याच गाडीवर मागं बसून यायचे. अण्णा सकाळपासून धुतलेलं धोतर नेसून तयार. एखादे दिवशी मी एकटा आलो तर दार उघडून माझ्या खांद्यावरून मागं बघायचे. "मास्तर नाही आले?" मी म्हणायचो, "मी आलोय." "हां, बरं."

मी त्यांच्यात बसायचा प्रयत्न केला. सुई ओवून दिली. एकदा म्हणालो, मलाही शिकवा. अण्णांनी एक तुकडा दिला, मी मन लावून शिवला. जेवून आलो तर अण्णा ब्लेडनं माझे टाके उसवत होते. मला बघून म्हणाले, "राहू दे. तू मोबाईल बघ."

मास्तर म्हणाले, "शिकंल की अण्णा, पोरगं हाय."

माझ्या घरात, माझ्या वडिलांपुढं, माझी वकिली मास्तर करत होते.

पेटी उघडली तेव्हाही मी नव्हतो. कंपनीतून आलो तर फरशीभर आईची लुगडी पसरली होती. तिचं हिरवं इरकल पट्ट्यापट्ट्यांत कापलेलं. मी दारातच चपला घालून उभा राहिलो. अण्णा एक पट्टी दाखवून मास्तरांना सांगत होते, हे तिनं अमक्याच्या लग्नात घेतलं, हे नेसून ती बाजाराला जायची, ह्याला तिच्या हातचा चहाचा डाग आहे, तो मधी घेऊ. मी नको म्हणू शकत नव्हतो, कल्पना माझीच होती. वैशालीनं मला आत नेलं. "ते किती बोलतायत बघा ना," ती म्हणाली. "त्यांना मोकळं होऊ द्या."

"माझ्यापाशी मोकळं व्हायला काय झालं होतं?" मी म्हणालो.

तिनं दार लोटलं. मग म्हणाली, "अण्णा मला सांगत होते, मास्तर का शिवतात ते. जमीन गेल्यावर त्यांना बसवेना म्हणे. पूर्वी बांधावर टेकलं तरी हातात विळा असायचा. रिकामा हात बघून त्यांना भीती वाटायला लागली. म्हणून त्यांनी स्वतःच्या आईची राहिलेली ठिगळं काढली."

इतकी वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी काम केलं. ही गोष्ट मला वैशालीकडून कळली, तिला अण्णांकडून, अण्णांना मास्तरांकडून. मी शेवटी.

मग एका रविवारी जेवताना अण्णांनी जाहीर केलं, "मी कुरुळीला राहायला जातो."

"कुठं?"

"मास्तरांची खोली रिकामी झाली. खालची. म्होरं अंगण आहे, गोठा आहे. इथं पाय जमिनीला लागत नाही."

मी भाकरी ताटात ठेवली. "अण्णा, माझं घर असताना तुम्ही भाड्याच्या खोलीत राहणार? लोक काय म्हणतील?"

"लोक? इथं समोरच्या दारवाल्याचं नाव तुला माहीत आहे का?"

नव्हतं माहीत.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत सरळ फोर्कलिफ्टपाशी गेलो. मास्तर टाके घालत होते. मी म्हणालो, "मास्तर, तुम्ही माझ्या वडिलांना पळवताय."

त्यांनी चष्मा काढला. "मी न्हाई बोलावलं, सायेब. तेच म्हणले. पर मी नगं बी म्हणलो न्हाई. नगं म्हणू का?"

"माझ्याबद्दल काही बोलतात का ते तुमच्याजवळ? मी काही कमी केलं का?"

मास्तरांनी खरोखर आठवून बघितलं. त्यांचा तो स्वभावच होता, विचारलं की आठवून सांगायचे. "तुमच्याबद्दल? न्हाई बा. बैलांचं बोलत्यात. तुमच्या आईचं लई बोलत्यात. तुमचं काय न्हाई."

खोटं का होईना, काहीतरी बोलायचं ना! पण त्यांना ते सुचलंच नाही. तेवढ्यात ट्रक आला, त्यांनी सुई काजात खोचली आणि फोर्कलिफ्ट चालू केली.

अण्णा कुरुळीला गेले. मी त्यांची पेटी रिक्षात घालून पोचवायला गेलो. खोलीचं भाडं मी देतो म्हणालो तर मास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पाकीट खिशात घातलं. दर रविवारी मी आणि वैशाली डबा घेऊन जायचो. अण्णा अंगणात, गोठ्याच्या सावलीत बसलेले असायचे. भाड्यानं राहणारी पोरं कामावरून आली की फाटक्या चादरी त्यांच्यापुढं टाकायची आणि "अण्णा, एवढं बघा ना" म्हणायची. मास्तरांच्या बैलांना अण्णांनी झूल शिवली, मोठी देखणी. आणि दोघं म्हातारे सारखे भांडायचे. टाका लांब, टाका आखूड, दोरा लाल घ्या, लाल नको. मास्तरांच्या बायको वैशालीला म्हणायच्या, "दोन सवती घरात ठिवल्यागत झालंय गं बाई." अण्णांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. मी त्यांच्याशेजारी बसायचो, ते माझी विचारपूस करायचे, पाहुण्याची करतात तशी.

आईच्या लुगड्यांची गोधडी उन्हाळ्याच्या सुरुवातीला पुरी झाली. आम्ही गेलो तेव्हा ती अंगणात बाजेवर पसरली होती. मधोमध आईचं हिरवं इरकल, कडेनं आत आत येणारे अण्णांचे बारीक टाके, आणि ओळखू येतील असे मधून मधून मास्तरांचे लांब टाके. मी कडेवरून हात फिरवला. मला वाटलं, अण्णा आता म्हणतील, घेऊन जा.

अण्णांनी तिची घडी घातली, उठले आणि मास्तरांच्या हातात दिली.

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी बैलांकडं बघितलं.

"अण्णा, ही तुमच्या घरची हाय," मास्तर म्हणाले.

"म्हणून तर दिली. ठेवा."

मास्तरांनी घेतली. घेतली म्हणून मला राग आला, आणि परत केली असती तर अण्णांचा अपमान झाला असता हेही मला कळत होतं. परत येताना मी गाडीवर एक शब्द बोललो नाही. मोशी आल्यावर वैशाली म्हणाली, "तुम्ही अगदी अण्णांवर गेलाय."

मास्तर श्रावणात गेले. सकाळी कामावर यायला निघाले आणि छातीत कळ आली. चाकणला नेलं, तिथून चिंचवडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. हायवे नेहमीसारखा तुंबलेला होता. अण्णा त्यांच्याबरोबर गाडीत होते. मी कंपनीतून सरळ दवाखान्यात पोचलो तर अण्णा बाहेरच्या बाकावर बसले होते आणि मास्तरांची कापडी पिशवी त्यांच्या मांडीवर होती. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली.

आई गेली तेव्हा अण्णा रडले नव्हते. निदान माझ्यासमोर नाही. मास्तरांना नेताना ते अंगणात गोठ्याच्या खांबाला धरून असे रडले की गावातल्या लोकांनी मला विचारलं, हे मास्तरांचे कोण? मी म्हणालो, माझे वडील. त्या वेळीसुद्धा, लाज वाटावी अशा ठिकाणी, मला ती जुनी जळजळ झालीच. मी अण्णांचा दंड धरून उभा राहिलो. त्यांना कळलंही नसेल कुणी धरलंय ते.

तेराव्याला मास्तरांच्या बायकोनं आतून ती गोधडी आणली. "भाऊ, ही तुमच्या आईची. तुमी न्या," म्हणाल्या. माझे हात पुढं गेले.

"राहू द्या," अण्णा मागून म्हणाले. "दिलेली आहे ती."

मी हात मागं घेतले.

अण्णा मोशीला परत आले. मास्तरांच्या बायकोनं राहा म्हटलं होतं, पण त्यांना तिथं राहवेना. परत खुर्ची, परत हायवे. "जेवलात का?" "हो." वैशालीनं जुन्या चादरी पुढं ठेवल्या, त्यांनी त्या नुसत्या घडी घालून बाजूला केल्या. मला वाटलं, आता हे असंच चालणार.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी पेपर वाचत असताना अण्णांनी अचानक विचारलं, "कंपनीत ते बसायचे कुठं?"

"कोण? मास्तर?"

"दुसरं कोण?"

"डिस्पॅचच्या शेडला. गेटातून दिसतं."

"दाखवशील?"

मी त्यांना गाडीवर मागं बसवून नेलं. सुट्टीच्या दिवशी आत जायची परवानगी नव्हती. रखवालदार ओळखीचा, पण नियम म्हणजे नियम. आम्ही गेटाच्या जाळीपाशी उभे राहिलो. आत शेडखाली फोर्कलिफ्ट उभी होती, रिकामी.

"ती का?" अण्णांनी विचारलं.

"तीच."

"ऊन येत असंल की दुपारचं."

"यायचं. मग ते तोंड फिरवून बसायचे, त्या खांबाकडं."

"अन् चहा?"

मी सांगायला लागलो. चहा बशीत ओतून प्यायचे, बशी नसली तर पॅलेटच्या पुठ्ठ्याची करायचे. नवीन ड्रायव्हर आला की त्याला आधी गाव विचारायचे, मग जेवलास का विचारायचे, मगच माल भरायचे, त्यावरून माझी आणि त्यांची किती भांडणं व्हायची. एकदा मोठ्या साहेबांच्या गाडीसमोर फोर्कलिफ्ट बंद पडली तर खाली उतरून साहेबांनाच धक्का मारायला लावला. मी सांगत गेलो. अण्णा दोन्ही हातांनी जाळी धरून ऐकत होते. मधेच हसत होते. मग त्यांनी जाळी सोडली आणि माझ्याकडं वळून, माझ्या तोंडाकडं बघत ऐकायला लागले. इतका वेळ, असं टक लावून, त्यांनी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं.

ते माझ्याकडं का बघत होते हे मला चांगलं ठाऊक होतं. रोज मास्तरांना बघितलेला माणूस म्हणून ते मला बघत होते. तरी मी बोलत राहिलो. आठवत होतं ते सगळं सांगितलं, आणि आठवणी संपायला लागल्या तेव्हा एकच गोष्ट दोनदा सांगितली. रखवालदारानं खुर्ची आणून दिली, अण्णा बसले नाहीत.

ऊन कलल्यावर मी म्हणालो, "अण्णा, चला आता."

ते गाडीवर बसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आणखीन असंल ना?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"त्यांचं सांगण्यासारखं."

"पुष्कळ आहे," मी म्हणालो आणि गाडी चालू केली.